एकत्र चालणं आणि वेगळं जेवणं: धर्माबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम म्हणतो धर्म समाजाला बांधून ठेवतो. आपल्याकडे हे खरंच दिसतं का?

दिसतं की. आषाढी वारीत रिंगण बघा, माऊलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे पळतात, कोण कुठला माहीत नसलेला माणूस माऊली म्हणत पाया पडतो, मग आपणही त्याच्या पडतो. अशा गर्दीत अंगात जी ताकद संचारल्यासारखी वाटते ती मुळात समाजाचीच असते, असं दुर्खीमनं १९१२ च्या पुस्तकात मांडलं. पण तिथेच थांबू नका. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या, ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र असं त्यांनी त्यावरच्या लेखात म्हटलं, आणि त्याच लेखात हेही लिहिलं की दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे एकत्र भजन म्हणत चालतात अन् जेवायला मात्र वेगळे बसतात. बाईंना त्याचा फार त्रास झाला. धर्म जोडतो का तोडतो असं आपण विचारत बसतो, पण तो दोन्ही करतो, एकाच दिवशी, एकाच मुक्कामावर.

प्रश्न: मार्क्सनं धर्माला अफू म्हटलं. मग संतांचं काय करायचं?

अफूच्या आधीचं वाक्य कुणी वाचतच नाही. धर्म हा पिचलेल्या माणसाचा उसासा आहे, असंही त्यानं तिथेच लिहिलंय. चोखोबांचे अभंग वाचा, तो उसासा ऐकू येतो. त्यांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराच्या पायरीशी, आणि त्यांच्यासारख्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना आत जायला १९४७ उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले म्हणून! बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मच बदलला. बदलला, सोडला नाही, हे नीट लक्षात घ्या, माणसाला धर्म लागतो असंच त्यांचं मत होतं.

प्रश्न: एमएच्या प्रोजेक्टला दिंडी घेतलीय. प्रश्नावली कशी करू?

प्रश्नावली सध्या बॅगेतच राहू दे. आधी दोन दिवस नुसतं चाला, पायाला फोड आले की लोक आपणहून बोलायला लागतात. मग स्वयंपाकाच्या ट्रकजवळ बसा. भाकरी कोण थापतं, पहिली पंगत कुणाची, उष्टी कोण काढतं, वीणा कुणाच्या गळ्यात, बायका पहाटे अंघोळीला कुठे जातात, हे सगळं रोज रात्री लिहून काढा.