तुझी पीडीएफ वाचली, ती पाठवू नको

बाळा,

काल रात्री साडेअकराला तू टाकलेली गणिताच्या पेपरची पीडीएफ सकाळी चहा घेता घेता उघडली, चहा गार झाला पण फाईल संपेस्तोवर उठलो नाही. खाली तुझा मेसेज, सर हे मॅथजेनवर दोन मिनिटात झालं, माझं नाव बी टाकलंय, ग्रुपवरचा एकजण म्हणायलाय आयएसएसएन नंबरवाल्या जर्नलला पंधरा दिवसात लावून देतो, जूनच्या इंटरव्ह्यूच्या आधी होईल, काय करू. विचारलंस हे लई बरं केलंस. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवून तासाप्रमाणे मिळणारे पैसे, ते बी सहा सहा महिने अडकलेले, आणि इंटरव्ह्यूला बसलं की पहिला प्रश्न पेपर किती, हे सगळं मला ठाऊक आहे, त्यामुळं रागावलो नाही. पण पाठवू नको.

आधी मॅथजेन हे सॉफ्टवेअर काय करतं ते नीट समजून घे, कारण केलंय लई हुशारीनं. २००५ मध्ये एमआयटीच्या तिघा विद्यार्थ्यांनी सायजेन बनवलं, कॉम्प्युटर सायन्सचे खोटे पेपर तयार करणारं, आणि त्यातला एक पेपर अमेरिकेतल्या एका कॉन्फरन्सनं न तपासताच घेतला. त्याच कोडवरून २०१२ मध्ये नेट एल्ड्रेज या गणितज्ञानं गणितासाठी मॅथजेन केलं. आत फक्त हातानं लिहिलेलं व्याकरण आहे. म्हणजे प्रमेय कसं, तर 'समजा', मग एक वस्तू, मग 'तर', मग एक दावा. वस्तू म्हणजे विशेषण आणि नाम. विशेषणांची यादी वेगळी, नामांची वेगळी, आणि प्रत्येक जागी फासा टाकल्यासारखा एक शब्द उचलायचा. आपल्याकडं लग्नपत्रिका छापतात तसं बघ, प्रेसवाल्याकडं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत मजकूर तयारच असतो, नावं, तिथी आणि कार्यालय तेवढं बदलतं. फरक एवढाच की पत्रिकेमागं खरी नवरा-नवरी असतात, ह्या पेपरमागं कुणीच नसतं.

२०१२ च्याच ऑगस्टमध्ये मॅथजेनचा एक पेपर एका काल्पनिक प्राध्यापिकेच्या नावानं 'अ‍ॅडव्हान्सेस इन प्युअर मॅथेमॅटिक्स' या जर्नलला गेला आणि दहाएक दिवसात स्वीकारला बी गेला. छापायची फी ५०० डॉलर होती, ती भरली नाही म्हणून छापला नाही. मला ह्यात सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. तपासणाऱ्यानं शेरे बरोबर दिले होते, की गोषवाऱ्यातून मुख्य कल्पना कळत नाही, चिन्हांचा अर्थ सांगितलेला नाही, अमुक प्रमेयाची सिद्धता द्या. म्हणजे प्रश्न योग्य होते, पण उत्तर काय येतंय ह्याची वाट न बघताच होकार देऊन टाकला. एखाद्या पोरानं बोर्डावर चुकीचं लिहिलं आणि आपण 'हे कसं आलं रे' विचारून लगेच पूर्ण मार्क दिले तर त्या पोराचं काय होईल?

आणि हे चेष्टेवर थांबलं नाही. लोकांनी खरोखर आपली नावं घालून असले पेपर छापून आणले. सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकानं ते शोधून काढले आणि २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या दोन मोठ्या प्रकाशकांना १२० च्या वर पेपर काढून टाकावे लागले. असलं यंत्रानं लिहिलेलं यंत्राला ओळखू येतं, वाक्यांचे साचे तेच तेच असतात ना. आयएसएसएनचं म्हणशील तर तो नियतकालिकाचा ओळख नंबर आहे फक्त, आत काय छापलंय ह्याची हमी नव्हे. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ च्या मे महिन्यात आपल्याच मंजूर यादीतून ४,३०५ जर्नल काढली होती, त्या सगळ्यांत ज्यांनी पैसे भरून छापलं त्यांच्या फायली आठव.

आता माझं सांगतो, आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. २०११ मध्ये मी बी एपीआयच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीला लागणाऱ्या, गुणांसाठी एका कॉन्फरन्सला १,८०० रुपये भरून पेपर दिला होता. माझा स्वतःचा होता, महिनाभर घासलेला. चार दिवसात स्वीकारल्याचं पत्र आलं, मी पेढे वाटले. सात वर्षांनी एमएस्सीची एक पोरगी तो पेपर घेऊन आली, म्हणली सर, दुसऱ्या लेमात, म्हणजे मुख्य प्रमेयाआधीच्या छोट्या प्रमेयात, तुम्ही ज्यानं भागलंय ते शून्य असू शकतं. खरंच होतं. सात वर्षं तो पेपर कुणी वाचलाच नव्हता, घेणाऱ्यांनी तर नाहीच नाही. चुकीपेक्षा हे जास्त खुपलं, अजून खुपतं.

म्हणून तुझी पीडीएफ मी वाचली, ओळ न ओळ. दुसऱ्या पानावर व्याख्या आहे, चार विशेषणं लावलेली, पण पुढच्या अकरा पानांत तिचं एक बी उदाहरण नाही. गणितात पहिलं तेच मागायचं. आपण वर्गात घेतलं होतं, कुठलंही सांत इंटिग्रल डोमेन हे फील्ड असतं. म्हणजे मोजकेच घटक असले आणि शून्य नसलेल्या दोघांचा गुणाकार कधी शून्य येत नसला, तर शून्य सोडून प्रत्येकाला व्यस्त, म्हणजे गुणलं की १ देणारा जोडीदार, असतोच. पाचनं भागून उरते तेवढी बाकीच धरायची, असं गणित घे, २ नं १, २, ३, ४ ला गुण, येतं २, ४, १, ३. कुणी दुबार नाही, सगळे आले, म्हणजे १ येणारच आणि २ चा व्यस्त ३ सापडला. आता सहाच्या बाकीचं घे, २ नं १ ते ५ ला गुण, २, ४, ०, २, ४. शून्य आलं, दुबार आले, १ आलाच नाही. वहीच्या अर्ध्या पानात प्रमेय का खरं आहे ते दिसतं आणि कुठली अट काढली की ते मोडतं ते बी दिसतं. मॅथजेनच्या पानावर असं बोट ठेवायला जागाच नसते.

तुला पेपरची घाई पीएचडीमुळं बी वाटत असेल तर २०२२ च्या नियमांत यूजीसीनं थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली, आपल्या विद्यापीठाचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते गाईडकडून लेखी विचारून घे. जूनचा इंटरव्ह्यू एका पेपरवर हुकला तर मला बी वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू. पण समोर एखादा जाणकार बसला आणि म्हणला, मॅडम, तुमच्या पेपरातलं प्रमेय क्रमांक तीन बोर्डावर समजावा, तर तू काय करणार, हा विचार माझ्या डोक्यातून सकाळपासून जाईना.

त्या ग्रुपवरच्या माणसाला पैसे अजून दिले नसशील तर देऊ नको. दिले असशील तर मला सांग, लाजू नको.

दिवाळीत दाखवलेली तुझी ती निळी वही, तीन पानांवर अडकलेली, ती घेऊन रविवारी अंबाजोगाईला ये. दुसऱ्या पानावरच्या त्या असमानतेवर मी काल बी बसलो होतो, एनची किंमत सातपर्यंत घेऊन हातानं करून बघितलं, जमतंय, आठला काहीतरी गडबड होतेय, माझी चूक आहे की खरंच मोडतंय ते कळेना. जेवायलाच ये, काकूनं सांगितलंय.

तुझे
सर