1967 च्या शेव्हेलचा (शेव्हरोलेची जुनी अमेरिकन गाडी) फोर-स्पीड गिअरबॉक्स घरी खोलून बांधता येईल का? दुसऱ्या गिअरला खर्रकन आवाज येतो.

येईल, नक्की येईल. पण रिव्हर्सलाही असाच आवाज येत असेल तर आधी क्लच बघा, तो पूर्ण सुटत नसेल. फक्त दुसऱ्यालाच येत असेल तर बहुतेक पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणारी) झिजली आहे.

तुमचा बॉक्स बहुतेक मन्सी (जनरल मोटर्सचा फोर-स्पीड गिअरबॉक्स) असणार. सामान मागवण्याआधी काउंटरशाफ्टची, म्हणजे खालच्या गिअर-गठ्ठ्यातून (काउंटरगिअर) जाणाऱ्या दांडीची, जाडी मोजा: 1965 पर्यंत 7/8 इंच, 1966 पासून 1 इंच. नुसत्या गाडीच्या वर्षावर जाऊ नका, इतक्या वर्षांत बॉक्स बदललेला असू शकतो.

खरी परीक्षा काउंटरगिअरच्या सुयांची, म्हणजे बेअरिंगच्या बारीक रोलरांची. 1 इंची शाफ्टवर 28 च्या चार ओळी, म्हणजे 112 सुट्या सुया. गिअरच्या लांबीचा लाकडी दांडका आत घाला, भोवती घट्ट ग्रीस भरा आणि चिमट्याने एकेक सुई उभी करा. मग खरा शाफ्ट सरकवला की तोच दांडक्याला बाहेर ढकलतो. मी पहिल्यांदा सुया न मोजताच बसवल्या. शेवटी ट्रेमध्ये एक उरली आणि सगळं पुन्हा उपसावं लागलं. आधी मोजाच.

पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोचा हब (मधला भाग) मेनशाफ्टवर, म्हणजे मुख्य दांडीवर, दाबून बसवलेला असतो. त्याला हातोडी लावू नका, प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या. गिअर ऑइल जीएल-4 दर्जाचंच भरा. बऱ्याच जीएल-5 तेलांमधली गंधकाची द्रव्यं पितळी रिंगांना मानवत नाहीत.