‘आज शून्य’ हे कोणाला सांगता येईल?

माझ्याकडं येणारे बरेच जण हेच विचारतात, की मॅडम एकट्यानं काही सुरू केलं की आठ दिवसात सुटतं, रोज विचारणारं कुणीतरी पाहिजे, पण घ्यावं कुणाला, नवऱ्याला, बहिणीला का मैत्रिणीला? त्यावर एका ताईची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि त्यांना विचारूनच लिहितेय.

ताई परभणी जिल्ह्यातल्या, वय चाळीसच्या आत, बारावी झाली की लग्न, घराला लागूनच किराणा दुकान. मुलगी दहावीला गेली तसा यांनीही यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या बीएचा फॉर्म भरला. हे विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि शिक्षण मधेच सुटलेल्या किती बायांना त्यानं परत पुस्तकापाशी आणलं, मला त्याचं फार अप्रूप वाटतं. तर फॉर्म भरला, पुस्तकं आली आणि कपाटावर राहिली.

पहिल्या भेटीत मीच म्हणाले, मालकांना रोज विचारायला सांगा. माझं चुकलं ते. माणूस चांगला, फी त्यांनीच भरलेली, रोज जेवताना न विसरता विचारायचे. तीन आठवड्यांनी ताई आल्या त्या खाली मान घालूनच, "मॅडम, ते रोज विचारायलेत झालं का, आन मी झालं म्हणायले. त्यांनी पैसे भरलेत ना, नाही कसं म्हणावं?"

मग शेजारची मैत्रीण धरली. ती इतकी मायाळू की "जाऊ दे गं, दिवसभर दुकानात उभी होतीस, उद्या वाच" म्हणायची आणि तो उद्या काही यायचा नाही. नंतर बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुस्तकांचा फोटो टाकला, मी पदवीधर होणार म्हणून, तर फुलं, अंगठे, अभिनंदन यांचा नुसता पाऊस. त्या आठवड्यात एक पान वाचलं नाही. हे ताईंचंच होतं असं नाही, पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही प्रयोग छापले, त्यातले बरेचसे कायद्याच्या विद्यार्थ्यांवर होते, आणि त्यात दिसलं असं की "मी अमुक होणार" हा इरादा दुसऱ्यानं ऐकून घेतला की माणूस त्यासाठी कमी कष्ट घेतो, कारण ते होऊन गेल्याचं थोडं समाधान मनाला आधीच मिळतं.

मी त्यांना एवढंच विचारलं, ताई, दुकानातल्या उधारीच्या वहीत कधी खोटं लिहिता का? त्या एकदम म्हणाल्या, "छे, तिथं खोटं लिहून कसं चालंल, आपलंच बुडंल की." मग असं माणूस शोधा म्हणलं, की ज्याच्यापुढं तुम्ही "आज शून्य" असं त्या वहीत लिहिल्यासारखं सांगू शकाल. त्याला राग येणार नाही, वाईट वाटणार नाही, तुमच्या पास-नापासावर त्याचं काही अडलेलं नसेल, आणि त्याला स्वतःलाही तसलंच काहीतरी पार पाडायचं असेल. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांची जी संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, तिथं नव्या माणसाला आधार द्यायला असाच एकजण असतो, जो स्वतः त्याच वाटेनं आलाय. घरच्या माणसाकडं हे काम सहसा नसतं.

चार दिवस विचार करून ताईंनी नाव सांगितलं ते मला सुचलंच नसतं. अभ्यासकेंद्रावर रविवारी भेटणारी शेजारच्या गावची अंगणवाडी सेविका, जिच्याशी मैत्री म्हणावी अशी काही नव्हती. दोघींनी ठरवलं, दुकान बंद झालं की सव्वानऊला फोन, दोन मिनिटं, प्रश्न एकच, "किती पानं?" सल्ला द्यायचा नाही, रागवायचं नाही, घरचं काढायचं नाही, लागोपाठ तीन दिवस शून्य आलं तर फक्त "काय अडलं?" विचारायचं. आणि आधी एकच महिना, जमलं नाही तर कुणीही थांबावं, त्यात वाईट वाटायचं कारण नाही. ही मुदतीची गोष्ट मी आता सगळ्यांनाच सांगते, नाहीतर नको झालेली सोबतही लोक भिडेपोटी वर्षभर ओढत बसतात.

पहिला महिना बरा गेला. मग सोयाबीन निघालं, गावाची उधारी वसूल व्हायचे दिवस, त्यात दिवाळीची गर्दी आणि सासूबाईंचं आजारपण. शून्य, शून्य, शून्य, असे अकरा दिवस. पण फोन एकदाही चुकला नाही, आणि मला त्या अकरा फोनांचं आधीच्या सगळ्या वाचलेल्या पानांपेक्षा जास्त मोल वाटलं. बाराव्या दिवशी ताईंनीच विचारलं, तुमचं किती? तर पलीकडून बराच वेळ आवाज नाही आणि मग, "ताई, माझं पण सहा दिवसांपासून काहीच नाही, मी दहा-दहा पानं म्हणून खोटंच सांगायले." त्या रात्री दोन मिनिटांचा नियम मोडून दोघींनी गृहपाठातला पहिला प्रश्न फोनवरच मोठ्यानं वाचला.

परवा ताई आल्या होत्या, पहिल्या वर्षाचा एक विषय राहिलाय, बाकीचे निघाले. जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "काल जेवताना मालकांनी विचारलं, झालं का वाचून? मी म्हणलं, नाही, आज नाही झालं. आन त्यांच्या ताटात भाकर वाढली."