'ओव्हरलोड' आणि 'डिफॉल्ट' यांत गल्लत नको

प्रश्न असा आला आहे: डेटाबेसमधल्या फंक्शनचा (नाव घेऊन बोलवायच्या कामाचा) एखादा पॅरामीटर, म्हणजे त्याला पुरवायची एखादी किंमत, ऐच्छिक ठेवला, तर 'फंक्शन ओव्हरलोड केलं' म्हणायचं का? आणि ओव्हरलोडिंगला 'अतिभारण' चालेल का?

माझ्या मते दोन्ही नाही.

ओव्हरलोडिंगमध्ये नाव एक आणि फंक्शन्स अनेक असतात. कुठलं चालवायचं ते पॅरामीटर्सची संख्या आणि प्रकार पाहून ठरतं. मराठीत 'लावणे' असंच वागतं. दिवा लावला म्हणजे पेटवला, दार लावलं म्हणजे बंद केलं, रोप लावलं म्हणजे मातीत रोवलं. कर्म बदललं की अर्थ बदलतो आणि ऐकणारा अडखळत नाही. यात भार कुठेच नाही. 'अतिभारण' वाचून सर्व्हरवर ताण आलाय असंच वाटेल. मी 'समनामी फंक्शन्स' लिहितो, बोलताना मात्र ओव्हरलोडिंगच.

डिफॉल्टमध्ये फंक्शन एकच असतं. किंमत दिली नाही तर कुठली धरायची ते आधीच ठरलेलं असतं, म्हणून 'गृहीत किंमत' चपखल बसतं. व्याकरणातला 'अध्याहृत' (वाक्यात नसलेला, पण समजून घ्यायचा) हा शब्दही मला आवडतो, पण 'जेवलास का?' यातला 'तू' आपण क्रियापदाच्या रूपावरून ओळखतो. गृहीत किंमत व्याख्येत लिहूनच ठेवलेली असते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही गल्लत महागात पडते. समजा, व्याज(मुद्दल) हे फंक्शन आहे. पुढे दरही हवा झाला, म्हणून कोणी 'क्रिएट ऑर रिप्लेस' (नवं बनव किंवा जुनं बदल) ही आज्ञा वापरून व्याज(मुद्दल, दर) लिहिलं आणि दराची गृहीत किंमत ७ ठेवली. लिहिणाऱ्याला वाटतं, जुनं बदललं. पण पोस्टग्रेस फंक्शन ओळखतं ते नाव आणि इनपुट पॅरामीटर्सचे प्रकार मिळून. पॅरामीटर वाढला की फंक्शन वेगळं. जुनं तसंच राहतं, नवं त्याच्या शेजारी येऊन बसतं, आणि बनवताना काहीच तक्रार येत नाही. मग व्याज(१००००) म्हटलं की दोन्ही लागू पडतात आणि 'इज नॉट युनीक' (एकच नेमकं ठरत नाही) अशी एरर येते. हेतू गृहीत किमतीचा, झालं ओव्हरलोडिंग! जुनं फंक्शन आधी 'ड्रॉप' करायला, म्हणजे काढून टाकायला हवं होतं.

पोस्टग्रेसमध्ये गृहीत किमती २००९ साली, ८.४ आवृत्तीत आल्या. त्याआधी तेच काम समनामी फंक्शन्सची जोडी करून भागवायचे: आखूड, म्हणजे कमी पॅरामीटर्सचं फंक्शन ठरलेली किंमत घालून लांबड्याला बोलावायचं. दोन्ही शब्द एकाच अर्थी वापरायची सवय तिथूनच लागली असावी.

ओरॅकल या डेटाबेसमध्ये पॅकेजच्या (एकत्र बांधलेल्या फंक्शन्सच्या गठ्ठ्याच्या) आत ओव्हरलोडिंग चालतं, सुट्या फंक्शन्सना नाही. मायएसक्यूएलच्या स्टोअर्ड (डेटाबेसमध्ये साठवलेल्या) फंक्शन्समध्ये ओव्हरलोडिंगही नाही आणि गृहीत किंमतही नाही.

राहिला 'ऐच्छिक'. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये 'सिलेक्ट' या माहिती मागवायच्या आज्ञेतून फंक्शन बोलावताना गृहीत किंमत हवी असेल, तर त्या जागी 'डिफॉल्ट' हा शब्द लिहावाच लागतो. जागा गाळून चालत नाही. अशा पॅरामीटरला 'ऐच्छिक' म्हटलं तर वाचणारा तो खुशाल गाळेल. म्हणून तिथेही 'गृहीत किंमत असलेला पॅरामीटर' असंच लिहावं.