आधी खोकं लहान कर

प्रिय पोरी,

तुझा रात्री अकराचा मेसेज सकाळी पाहिला. "काका, ऑनलाइन बाजारवाल्यांनी माझं विक्रीचं खातं थांबवलंय, कारणसुद्धा नीट सांगत नाहीत." वाचून आधी हसूच आलं. तुझं नव्हे, माझंच. २०१३ पासून मी कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतोय. माझं खातं तीनदा थांबलं आणि तिन्ही वेळा मी चिडून हे एवढे लांब मेल लिहिले. उत्तर दर वेळी तेच, छापील. मेलमध्ये नुसता 'अन्याय, अन्याय' असेल तर कोणी वाचत नाही. ऑर्डर नंबर, तारीख आणि फोटो असतील तर कधीतरी कोणीतरी वाचतं.

तू पाठवलेली परताव्यांची यादी बघितली. अकरापैकी सात 'कडक आहे' आणि दोन 'आवाज येतो'. अगं, तो आवाज यावा म्हणून तर तुझे आबा तळाच्या थरांत बी घालतात! आपल्याकडचं गिऱ्हाईक करकर ऐकून हौसेनं घेतं, लांबच्या माणसाला तीच चप्पल बिघडलेली वाटते. बाजाराच्या यंत्राला यातलं काही कळत नाही, त्याच्या लेखी सगळा 'सदोष माल'. तेव्हा फोटोखाली पहिल्याच ओळीत लिही : झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं आहे, पहिले आठ दिवस कडक लागेल, तेल लावा, पावसात घालू नका, चालताना वाजते. विक्री थोडी पडेल. पडू दे. परत आलेल्या जोडाचा जाण्यायेण्याचा खर्च आपल्याच बोडक्यावर बसतो, आणि तळव्यावर घामाचा डाग उमटला की तो जोड नवा म्हणून खपत नाही.

आता खोकं. तू मोठं खोकं वापरतेस कारण त्यात चप्पल 'शोभते'. मीही तेच करायचो. पूर्वी बाजारवाले काट्यावरचं वजन धरून कुरिअरचे पैसे कापायचे. मग एका दिवाळीच्या तोंडावर आकारमानाचं वजन धरायला लागले : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, या दोन वजनांत जे जास्त ते खरं. माझं खोकं ३५, २० आणि १२ चं, म्हणजे १.६८ किलो. आत चप्पल पाऊण किलोची! दोन महिने पैसे कमी येत होते आणि मी ते कमिशनच्या नावावर खपवत होतो. बाजारवाले हिशोबाची सेटलमेंट शीट देतात, ती उघडून बघायचा कंटाळा, दुसरं काय. आता तळाला तळ लावून जोड ३०, १५, १० च्या खोक्यात बसवतो. ९०० ग्रॅम. सील करण्याआधी टेपमापासकट फोटो, आणि परत आलेलं पार्सल फोडताना व्हिडिओ, तोही लेबल दिसेल असा. एकदा परताव्यात प्लास्टिकची सपाता आली होती. व्हिडिओ होता म्हणून पैसे सुटले.

तू लिहितेस, 'सरकार आणि हे बाजारवाले, दोघं मिळून छळतात.' दोघांना एका दोरीत बांधू नकोस. सरकारी नियम अधिसूचनेत छापून येतो, त्याला तारीख असते. १ जानेवारी २०२२ ला हजारापर्यंतच्या चपलेवर जीएसटी ५ वरून १२ टक्के झाला तेव्हा आम्ही सगळे बोंबललो, पण आधी कळलं तरी होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला पुन्हा ५ टक्के आहे, तुझ्या लिस्टिंगला दर बरोबर लागलाय का ते बघ. बाजारवाले जीएसटीपोटी कापतात तो टीसीएस १० जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्ध्यावर आला. आयकरापोटी कापतात तो टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. हे पैसे बुडत नाहीत, सरकारदरबारी आपल्याच नावावर जमा होतात, फक्त वेळेवर मागून घ्यायचे. बाजाराचा स्वतःचा नियम मात्र शुक्रवारी संध्याकाळी मेलने येतो आणि सोमवारी लागू असतो. त्यासाठी वेगळी मेल ठेव, जाहिरातींच्या ढिगात तो सापडत नाही.

आणि खोक्यात स्वतःच्या नंबरची चिठ्ठी टाकायचा विचार करतेयस, तो सोड. त्यांचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळवायला बंदी असते. माझं दुसऱ्यांदा खातं थांबलं ते त्याच चिठ्ठीपायी. तुझी स्वतःची गिऱ्हाइकं प्रदर्शनांतून, व्हॉट्सॲपवरून, ओळखीतून जोड. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल दाखवल्यापासून लोक आपणहून 'खरी कुठे मिळेल' विचारतात. त्यांना तुझ्या आबांचे हात दाखव, फोटोत. निम्म्याहून जास्त माल एकाच बाजारावर नको. मी एका वर्षी नव्वद टक्के ठेवला होता. त्या वर्षीच्या गणपतीत काय झालं ते काकूला विचार, ती जास्त रंगवून सांगते.

खातं सुरू करायचा अर्ज आज करू नकोस. आधी वर्णनं बदल, मग काय बदललं ते पाच ओळींत लिही. पाठवण्याआधी मला दाखव. रविवारी दहानंतर दुकानात आहे, मागच्या तीन महिन्यांच्या सेटलमेंट शीट घेऊन ये. आणि आबांना सांग, कापशी प्रकारातले आठ नंबरचे चार जोड हवेत, दोन वाजणारे, दोन मुके.

तुझा,
चप्पल लाईनवाला काका