‘गटात मी एकटाच राबतो’

जळगावात समुपदेशन करताना नोकरदारांकडून एक तक्रार मी वारंवार ऐकते: काम गटाला दिलेले असते, पण राबतो मी एकटाच. रावेर तालुक्यातील केळीच्या एका पॅकिंग हाऊसचे पर्यवेक्षक हीच तक्रार घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांची झोप उडाली होती, घरी चिडचीड वाढली होती आणि “मॅडम, माणसंच कामचुकार आहेत, मी काय करू?” यापलीकडे त्यांना काही सुचत नव्हते.

त्यांच्या हाताखाली 14 जण होते. फण्या कापणे, तुरटीच्या पाण्यात धुणे, प्रतवारी, वजन, खोकी भरणे ही सगळी कामे सगळ्यांची होती आणि संध्याकाळी मोजदाद व्हायची ती फक्त एकूण खोक्यांची. मी त्यांना फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांचे 1913 साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण सांगितले. दोर ओढणारे वाढत जातात तसा प्रत्येकाचा जोर घटतो आणि आठ जण मिळून ओढू लागले की तो जेमतेम निम्मा उरतो. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही, हे याचे एक कारण. दुसरे 1970 च्या दशकातील प्रयोगांनी ठळक केले, ते असे की आपला वाटा वेगळा दिसणार नाही हे जाणवले की माणूस नकळत हात आखडता घेतो. माझ्या मते यात स्वभावाचा दोष थोडा आणि कामाच्या मांडणीचा जास्त असतो.

त्यांनी तीन टेबले केली, प्रत्येकाचे काम ठरवून दिले आणि खोक्यावर टेबलाचा क्रमांक लिहायला सुरुवात केली. हा क्रमांक दंडासाठी वापरायचा नाही, एवढी अट मी घातली होती.

खरी अडचण मात्र पुढे उघड झाली. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी 1999 साली मांडलेली मानसिक सुरक्षिततेची कल्पना, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तर आपला अपमान होणार नाही हा गटातील विश्वास, मी त्यांना समजावली होती आणि बैठकीत सर्वांत शेवटी बोलायला सुचवले होते. त्या बैठकीत सर्वांत लहान मुलगी म्हणाली की धुण्याचे पाणी दुपारनंतर बदलले जात नाही, त्यामुळे चीक सालीवर वाळतो, डाग पडतात आणि माल नाकारला जातो. हे तिला दोन महिन्यांपासून ठाऊक होते. पूर्वी एकदा ती बोलली, तेव्हा “तू तुझं काम बघ” असे त्यांनीच तिला सुनावले होते. मला हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. पण त्या दिवशी त्यांनी तिलाच विचारले होते, “ताई, पाणी किती वेळानं बदलायचं?” तिने सांगितले, तसेच ठरले.

आता त्यांना झोप लागते. तिसऱ्या टेबलावरील एका कामगाराविषयी त्यांची तक्रार अजून आहे आणि त्याच्याशी एकांतात, आरोप न करता कसे बोलावे, याची तयारी आम्ही सध्या करत आहोत.