जुन्या पीएसपीवर हौशी गेम

प्रश्न : मामा बोटीवर होते तेव्हा त्यांनी आणलेली पीएसपी-3000 (सोनीचं हातात धरून खेळायचं गेम मशीन) कपाटात सापडली. सॉफ्टवेअर 6.60 दाखवते. लोकांनी घरी बनवलेले गेम आणि एमुलेटर (दुसऱ्या मशीनचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) तिच्यावर चालतील का? कायमची बंद तर पडणार नाही?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : चालतील, आणि मजेत चालतील! पण आधी बॅटरी काढून सपाट फरशीवर ठेवा. ती डुलली किंवा मागचं झाकण नीट बसेना, तर फुगली आहे. तिला टोचू-दाबू नका, पुन्हा चार्जही करू नका, नवी घ्या.

सोनीचं शेवटचं सॉफ्टवेअर 6.61, तरी तुमचं 6.60 चालेल. 'आर्क-4' हे कस्टम फर्मवेअर, म्हणजे असे गेम चालू देणारं हौशी मंडळींनी बदललेलं सॉफ्टवेअर, दोन्हींवर बसतं. पीएसपी पूर्ण बंद केली की ते पुन्हा सुरू करावं लागतं. स्लीपमध्ये ठेवलीत तर टिकतं. ते कायमचं बसवायची घाई मात्र करू नका. मशीन दगावण्याची भीती असते ती अंतर्गत मेमरी लिहिली जात असताना, आणि आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. कायमचं बसवायचंच ठरवलंत, तर बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला, दोन्ही हवं.

मेमरी स्टिक (पीएसपीचं मेमरी कार्ड) महाग वाटली तर मायक्रोएसडीचा अ‍ॅडॉप्टर घ्या, पण फॉरमॅट पीएसपीतच करा. प्रत्येक गेमचा फोल्डर 'पीएसपी'मधल्या 'गेम' फोल्डरात टाका, आत 'ईबूट.पीबीपी' फाइल हवीच. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या निन्टेंडोच्या जुन्या मशीनच्या गेमसाठी 'जीपीएसपी' हा एमुलेटर लावून बघा.

एमुलेटर वापरण्यात गैर काही नाही. दुसऱ्यांचे गेम फुकट उतरवणं मात्र मला पटत नाही. मामांच्या यूएमडी (पीएसपीच्या गेमच्या छोट्या डिस्क) असतील तर त्यांचीच प्रत यूएसबीवरून संगणकावर काढा.